वर्षाराणीची तीन मशिनं

वर्षाराणीने मला ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. एप्रिल लागला होता. लातूरचं ऊन सकाळी आठलाच पाठ भाजायला लागतं, त्यामुळे माझी घाई चाललेली. ती समोरच्या दोन खोल्यांत राहायची, गच्ची आमची एकच. धुणं झटकता झटकता म्हणाली, "काकू, काल माझी तीन मशिनं एका वेळी चालली."

"कसली? शिवणाची?"

"नाही हो." ती हसली. दोन वर्षांत तिला एवढं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. "व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खरी नसतात ती. आपला कॉम्प्युटर एकच, पण त्याच्या पोटात तीन वेगळे कॉम्प्युटर चालतात. एकमेकांशी बोलतात. एक बिघडला तरी बाकीच्यांना धक्का नाही."

"म्हणजे एका चुलीवर तीन घरांचा स्वयंपाक."

"हाव. अन् प्रत्येक घराला वाटतं, चूल आपलीच हाय."

मी सोऱ्या तसाच हातात धरून हसत राहिले. चीक खाली ओघळला.

वर्षाराणी देगलूरची. बी.एस्सी. झालेली. लग्न करून उदगीरकडच्या घरात आली, पण राहायला लातूरलाच, कारण नवरा शिवलिंग इथल्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळायचा. घरचा कॉम्प्युटर त्याने स्वतः जोडलेला. काही भाग नवे, काही कॉलेजने मोडीत काढलेले. संध्याकाळी तो तिला शिकवायचा आणि ती पोळ्या लाटता लाटता उत्तरं द्यायची. दार उघडं असलं की मला सगळं ऐकू यायचं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तो गावी गेला. आभाळ भरून आलं म्हणून कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकायला शेतात गेला आणि वीज पडली. त्याची आई, गौरम्मा, पाण्याची कळशी घेऊन त्याच्या मागे पन्नास पावलांवर होती. लिंगायतांत बसवून माती देतात. त्या दिवशी त्याला बसवताना माणसांना काय करावं लागलं ते माझ्या नवऱ्याने येऊन मला सांगितलं. मी ते लिहिणार नाही.

पुढे गौरम्मा लातूरला सुनेजवळ येऊन राहिल्या. सून, सासू आणि चार वर्षांची मंजुश्री. मोठे दीर शंकरप्पा गावी शेती बघतात. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगते. त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "दोन वर्षं बघ. मंजुश्री पहिलीला जाईपर्यंत. नोकरी लागली तर तुझं तू मुखत्यार. न्हाई लागली तर घरी यायचं. भाड्याच्या खोलीत एकट्या बाईनं किती दिवस काढायचे?"

वर्षाराणीला गावी जायचं नव्हतं. तिथे शाळा चौथीपर्यंत, नेट नाही, आणि शेताची वाट त्या जागेवरूनच जाते. ती दुपारी दोन ते सहा एका क्लासमध्ये गणित शिकवायची. तेवढ्यावर घर चालत नव्हतं. म्हणून ती शिवलिंगच्या वह्या काढून बसली, आणि जे तो अर्धं शिकवून गेला होता ते तिने पुढे एकटीने शिकून घेतलं.

पुण्याच्या एका कंपनीने तिचा अर्ज घेतला. घरी बसून करायचं काम, त्यांच्या सर्व्हरवर नजर ठेवायची. परीक्षा मात्र हातानं करून दाखवायची होती. आपल्याच घरच्या कॉम्प्युटरवर तीन मशिनं उभी करायची, एकमेकांना जोडायची, त्यांनी मध्ये काही बिघाड घातला तर तो शोधायचा. दोन तास. पडदा त्यांना तिकडे दिसणार. संधी दोन. वीज आणि इंटरनेट ही उमेदवाराची जबाबदारी, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं. ते पत्र तिने मला दोनदा वाचून दाखवलं.

पहिली संधी एप्रिलच्या मध्यावर होती, सकाळी अकराला. आदल्या दिवशी दुपारी क्लासला जाण्याआधी तिने तिन्ही मशिनं चालवून बघितली, बंद केली, कॉम्प्युटरवर रुमाल टाकला. दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती माझ्या दारात उभी. चेहरा चुन्यासारखा.

"एकही चालू होईना, काकू."

मी गॅस बंद करून तिच्या मागे गेले. पडद्यावर एक चौकट यायची, दोन ओळींचा निरोप द्यायची आणि मशीन बंदच. तिने ते पुसून परत केलं, परत तेच. तिकडून एक गृहस्थ सभ्यपणे म्हणत होते, "मॅडम, वेळ चालू आहे." तिने बाकीचे प्रोग्राम बंद केले, मशिनांना मेमरी कमी दिली, व्हायरस पकडणारा प्रोग्राम बंद केला. एक वाजता गृहस्थ म्हणाले, दुसरी तारीख कळवू.

गौरम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून सगळं बघत होत्या. "झालं काय?" त्यांनी मला विचारलं.

"मशीन चालू होत नाही."

"ते खोकं पहिल्यापासून आडमुठं. माझ्या लेकाचंच ऐकायचं."

संध्याकाळपर्यंत वर्षाराणीने कारण शोधलं. कॉम्प्युटर उठताना विंडोज यायच्या आधी एक निळं पान असतं, त्याला बायोस म्हणतात. ह्याच्या पोटात दुसरी मशिनं चालू द्यायची की नाही, ही परवानगी तिथे द्यावी लागते. ती बंद झाली होती. तिने चालू केली आणि तिन्ही मशिनं धडाधड उभी राहिली.

"पण बंद केली कुणी?" मी विचारलं.

"तेच तर कळंना. आपोआप कशी होईल?"

आठ-दहा दिवस बरे गेले. मग एका सकाळी परत तेच. तिने परवानगी दिली, चाललं. चार दिवसांनी पुन्हा. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तो म्हणाला मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या. नवीन घेण्यासारखी परिस्थिती नव्हती. ती रोज पहाटे उठून एकेक गोष्ट तपासायची. विंडोजचं अपडेट थांबवलं, प्रोग्राम काढून नव्याने टाकला, वहीत लिहून ठेवलं. मी भाजी निवडत शेजारी बसायचे. मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण नांदेडला मीही सायन्सलाच होते. एवढं समजत होतं की ज्या गोष्टीला तारखा आहेत तिला कारणही असणार.

"कधी कधी बिघडलं, तारखा सांग," मी म्हणाले.

तिने वहीतून वाचल्या. मी घरात जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून आणलं. उन्हाळ्यात मी त्यावर वाळवणाचा हिशेब ठेवते. कुठल्या दिवशी काय घातलं, काय सुकलं, काय भिजलं. तिने सांगितलेल्या प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवसावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'कुरडया उचलल्या, ढग.' 'पापड अर्धेच, गडगडलं.' 'शेवया आत.'

वर्षाराणी त्या कॅलेंडरकडे बघत बसली. मग म्हणाली, "लाईट जाते म्हणून नसेल. यूपीएस आहे. यांनी आणला होता. दोन-दोन तास लाईट जाते तरी काही होत नाही."

"मग ज्या दिवशी गडगडतं त्या दिवशी काय होतं?"

"मी तर क्लासला असते."

दोन दिवसांनी दुपारी चारला उत्तरेकडून काळं चढायला लागलं, तशी मी ताटं आत घेतली आणि समोर गेले.

दार लोटलेलं होतं. गौरम्मा स्टुलावर चढून मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढत होत्या. सत्तरीची बाई, एक हात भिंतीला, दुसऱ्या मुठीत गळ्यातलं लिंग. मंजुश्री पलंगावर बसलेली, कपाळाला जाड विभूती, पायात चपला. पलंगावर चपला! गौरम्मांच्या स्वतःच्या पायातही रबरी सपाता. ज्या बाईने देव्हाऱ्याच्या खोलीत मला कधी ओल्या पायांनी येऊ दिलं नव्हतं ती.

"गौरम्मा, हे काय करून राहिल्या?"

"ये, आत ये. चपला काढू नको. घालूनच ये."

मेन बंद झाला तसा टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करायला लागला. त्या धडपडत तिकडे गेल्या, वाकल्या. "ऐक. ह्याच्यात उरलेली हाय. ओरडतीय." त्याचं बटण दाबून धरलं तेव्हा तो गप्प झाला. मग त्यांनी त्याची पिनसुद्धा भिंतीतून उपटली आणि पोरीला कुशीत घेऊन पलंगाच्या मधोमध बसल्या.

"दर वेळेला असं करता?"

"तारेतून येती ती घरात. तिला वाट द्यायची न्हाई. ढग गेले की मी लावते समदं परत, जसंच्या तसं."

"वर्षाराणीला माहीत आहे?"

"तिला कशाला? त्या गोष्टीचं नाव आम्ही घेत न्हाई घरात. ती घेत न्हाई, मी घेत न्हाई." बाहेर गडगडलं. त्यांनी डोळे मिटले आणि पोरीचे कान दोन्ही हातांनी झाकले. "सत्यशीला, मी हाक मारली होती त्याला. पानी पिऊन जा म्हणलं होतं. तो मागं वळला बी. वळला अन् मग..."

मी त्यांच्याजवळ बसले. मीही चपला काढल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी वर्षाराणीला गच्चीवर बोलावून सांगितलं. तिने कठडा धरला. मग एवढंच म्हणाली, "आईंना काही बोलू नका."

नांदेडला वजिराबादेत माझा धाकटा भाऊ सुदाम घड्याळं आणि टीव्ही दुरुस्त करतो. त्याला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तू कुरडया सोडून कॉम्प्युटर कधीपासून दुरुस्त करायलीस?"

"तू आधी सांग."

"वीज पूर्ण तोडल्यावर तो तारीख विसरतो का? चालू केल्या केल्या बघा. नेट लागलं की दुरुस्त होती ती, म्हणून ध्यानात येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही तसंच केलं. पिन काढली, लावली, कॉम्प्युटर चालू केला आणि दोघी पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिलो. तिथे २०१२ सालचा जानेवारी होता. मिनिटाभरात तो उडाला आणि आजची तारीख आली.

"तेव्हा तर मी देगलूरला अकरावीत होते," वर्षाराणी म्हणाली.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. कॉम्प्युटरला वीज नसली की तारीख आणि बायोसमधल्या परवानग्या त्या सेलवर टिकतात. शिवलिंगने बसवलेला सेल कधीच संपला होता. यूपीएस जोडलेला असेपर्यंत ते उघडकीला येत नव्हतं. गौरम्मांनी यूपीएस तोडला की कॉम्प्युटर सगळं विसरायचा, मालकाने दिलेली परवानगीसुद्धा. घड्याळाच्या दुकानात तसला सेल मिळतो. तिने तो आणून बसवला. पिन काढून बघितलं, तारीख राहिली. मशिनं चालली. महिनाभर तिने जे शोधलं ते एवढ्याशा सेलात होतं.

दुसऱ्या संधीची तारीख आली. मे महिन्यातला बुधवार, दुपारी चार ते सहा.

ते वाचल्यावर आमच्या दोघींच्याही मनात एकच आलं. सेल नवा आहे, परवानगी पुसणार नाही, पण परीक्षा चालू असताना कुणी मेनच ओढला तर सेल काय करणार?

"कॉम्प्युटर माझ्या घरी हलव," मी म्हणाले. "मोबाईलवरून नेट घेऊ. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"आईंना काय वाटेल? त्यांच्या हातावर माझा विश्वास नाही, असंच ना?"

"मग गौरम्मांना माझ्याकडे बसवते."

"त्या येणार नाहीत. ढग आले की मला अन् मंजूला सोडून त्या हलत नाहीत." तिने वही मिटली. "मी त्यांना सांगते, काकू. दोन वर्षं आम्ही दोघी हे टाळून राहिलोत."

मी तेव्हा हट्ट धरायला हवा होता. चार पावलांवर माझं घर, वायरी गुंडाळून आणायला दहा मिनिटं लागली असती. पण आपल्याकडे सासूच्या मनाला लागेल म्हणून काय काय करायचं राहून जातं त्याची मोजदाद नाही, आणि त्यात माझ्यासारख्या शिकलेल्याही असतात.

रविवारी तिने त्यांना सांगितलं. मी तिथेच होते. "आई, बुधवारी चार ते सहा काही झालं तरी बटण बंद करायचं नाही. ह्यावर नोकरी आहे. हे झालं नाही तर भावजी टेम्पो घेऊन येतील."

गौरम्मा खाली मान घालून ऐकत होत्या. आपण काय करत होतो आणि त्याने काय झालं, हे त्यांना तेव्हा उमगलं. "ते पहिल्या डावाला... ते माझ्यामुळं?"

"सेल खराब होता, आई."

"न्हाई करणार बंद. शिवाची आण. तू कर तुझं काम. मी इथंच बसते, हलत न्हाई."

बुधवारी सकाळी आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं. तीनपर्यंत तसंच. क्लासला सुट्टी टाकून वर्षाराणी चारला कानाला हेडफोन लावून बसली. मी आणि गौरम्मा मागच्या पलंगावर, मंजुश्री आमच्या मध्ये चित्र काढत. मला त्या टेबलावरचा पडदा तिरका दिसत होता.

पहिलं मशीन लगेच उठलं. ती पुटपुटली, "ओकटी." देगलूरची पोर, मोजायचं झालं की तेलुगूत मोजायची. थोड्या वेळाने, "रेंडु." तिसऱ्यात कंपनीने मुद्दाम काहीतरी घालून ठेवलेलं होतं. ते चालू व्हायचं आणि मध्येच पडायचं.

पावणेपाचला खिडकी काळवंडली. वारा सुटला, गच्चीवर कुणाची तरी बादली गडगडत गेली. गौरम्मांनी मंजुश्रीच्या पायात चपला घातल्या. स्वतःच्या घातल्या. मला म्हणाल्या, "तू बी घाल." मी घातल्या. पहिला गडगडाट लांब होता. त्यांची नजर मेन स्विचवर गेली आणि तिथेच राहिली.

वर्षाराणीची पाठ ताठ झाली होती, पण ती वळली नाही. ती एकेक ओळ वाचत होती. एकदा तिने एका मशीनची मेमरी काढून तिसऱ्याला दिली, आणखी काहीतरी बदललं, परत चालू केलं. मी घड्याळ बघत होते. पाच वाजून वीस. पाच पंचवीस. मग तिसरी चौकट उघडली, काळी, आणि तिच्यात पांढऱ्या ओळी सरसर खाली धावायला लागल्या. पडल्या नाहीत. तिन्ही चौकटी शेजारी शेजारी चालू होत्या, माझ्या डोळ्यांसमोर.

"मूडू," ती म्हणाली. आवाज फुटला होता. आता फक्त तिघांना एकमेकांशी बोलायला लावायचं आणि लेखी उत्तर पाठवायचं राहिलं होतं. अर्धा तास हातात होता.

तेवढ्यात वीज जवळच पडली. कुठे पडली ते दुसऱ्या दिवशी कळलं, मागच्या गल्लीतल्या नारळावर. आम्हाला फक्त पांढरं दिसलं आणि भांडी मांडणीवरून खाली आली. मी किंचाळले. मंजुश्री किंचाळली. गौरम्मा उठल्या नाहीत. हात मांडीवर, मूठ लिंगावर, डोळे स्विचवर, जशा बसल्या होत्या तशाच.

मग मंजुश्री म्हणाली, "आजी, गादी ओली झाली."

वर्षाराणीने वळून बघितलं. गौरम्मांच्या लुगड्याखालून चादरीवर ओल पसरत होती आणि त्यांना ते कळलेलंही नव्हतं. त्यांचा खालचा जबडा थरथरत होता, दातावर दात वाजत होते. शपथ मात्र मोडली नव्हती.

"तू तिकडं बघ," मी वर्षाराणीला म्हणाले. "मी आहे. मी करते त्यांचं. तू बघू नकोस इकडं."

ती एकदा पडद्याकडे वळली. हेडफोनमधून आवाज येत होता, बारीक, "मॅडम? आवाज येतोय का, मॅडम?" तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. उठली, स्टूल न घेताच टाचा उंचावून हात वर केला आणि मेन खाली ओढला. यूपीएस टीं टीं करायला लागला. ती वाकली आणि त्याचं बटण तो गप्प होईपर्यंत दाबून धरलं. पडदा विझला.

मग ती पलंगाजवळ जमिनीवर बसली. "बंद केली, आई. बघा इकडं. सगळी बंद केली. आता नाही येत."

गौरम्मा तेव्हा रडल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा, असं वर्षाराणी मला नंतर म्हणाली.

मला तिचा राग आला. मी तो लपवत नाही. अर्ध्या तासाचं काम होतं; मी म्हातारीला मिठीत धरून बसले असते, अंगाखालचं बदललं असतं, अर्ध्या तासात कुणी मरत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला तसं बोललेही. "निदान कंपनीला लिही. जवळच वीज पडली म्हणून लिही. शेवटी माणसंच आहेत ती."

"वीज उमेदवाराची जबाबदारी, काकू. अन् खोटं काय लिहू? लाईट गेली नव्हती. मी बंद केली."

"का केलीस?"

ती तांदूळ निवडत होती. खडा काढून बाजूला ठेवला. "त्यांनी केली असती तर मी रागावले असते. त्यांनी केली नाही ना. त्या तशाच बसून राहिल्या."

कंपनीचं उत्तर तीन ओळींचं आलं. जून लागला तसे शंकरप्पा टेम्पो घेऊन आले. त्यांना काही कळवलेलं नव्हतं, फक्त झालं नाही एवढंच.

"काय झालं शेवटी?" त्यांनी पंख्याखाली टोपी काढत विचारलं. गौरम्मांनी तोंड उघडलं. त्या बोलणार होत्या. मी त्यांच्याकडेच बघत होते. पण वर्षाराणी पुढे झाली, हातात पाण्याचा तांब्या.

"तिसरं मशीन चालूच झालं नाही, भावजी."

"मी म्हणलोच होतो. जुनं खोकं. शिवलिंगानं मोडीतलं उचलून आणलं." त्यांनी पाणी प्यायलं. "जाऊ दे. तुझा काय दोष त्यात."

गौरम्मांनी सुनेकडे बघितलं. "चालू नव्हतं झालं ते?"

"नव्हतं, आई. मी नुसतीच बसले होते खोटंखोटं. बंद केलं तेव्हा सगळं संपलेलंच होतं."

त्या बाईच्या चेहऱ्यावरून जे ओझं उतरलं ते मी पाहिलं. त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "मशीनच नासकं. तू काय करशील, लेकरा?" मी तिन्ही चौकटी चालू बघितल्या होत्या. मी दारात उभी राहून गाद्या बांधायची सुतळी उलगडत राहिले.

कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून टेम्पोत ठेवला. मंजुश्रीचं नाव गावातल्या शाळेत घातलं. गौरम्मा मागच्या महिन्यात गेल्या, झोपेतच, म्हणून मी आज हे लिहू शकते. त्यांच्या दिवसकार्याला मी गावी गेले तेव्हा वर्षाराणी भेटली. हात काळे पडलेत, नखांत सोयाबीनची माती. मी तिला एकटीला गाठून म्हणाले, "आता तरी शंकरप्पांना खरं सांग. त्यांना वाटतं तुला ते येत नव्हतं. कुठंतरी परत अर्ज कर."

"नेट टेकडीवर येतं, काकू. कॉम्प्युटर टेकडीवर कसा नेऊ?"

"पण तुला येत होतं. मी बघितलंय."

"हाव," ती म्हणाली, "येत होतं," आणि पंगतीत भात वाढायला गेली.